बडनेऱ्याच्या घराचे सहा फोटो

आई न्हाणीत पडल्याचं कळलं तेव्हा मी अकोल्यात अकरावीच्या वर्गावर होतो. ती उजाडायच्या आधी पडली होती. दूधवाल्याने कडी वाजवली, हाका मारल्या, आणि रोज पातेलं घेऊन दारात उभी असणारी बाई आज का नाही म्हणून मागच्या भिंतीवरून आत उतरून पाहिलं. हाड मोडलं नव्हतं, पण तासाभरापेक्षा जास्त वेळ ती ओल्या फरशीवर पडून होती. मी बडनेऱ्याला पोचलो तेव्हा ती खाटेवर बसली होती आणि दूधवाल्याला चहा करून द्यायचा म्हणून उठायला बघत होती.

परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट ठरवली. येत्या पावसाळ्यात आई त्या घरात एकटी राहणार नाही. पण मी स्वतः अकोल्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि तिथला जिना असा की सिलिंडर वर नेणारा माणूसही महिन्याला एकदा शिव्या देई. माझ्या कॉलेजजवळ टपाल खात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचं तळमजल्याचं लहानसं घर विकायला होतं. ते मुलाकडे नाशिकला जाणार होते. "जूनपर्यंत थांबतो सर, पुढं नाही," असं ते म्हणाले होते. म्हणजे जूनच्या आत बडनेऱ्याचं घर विकलं गेलं पाहिजे, तरच अकोल्याचं घेता येईल आणि तरच आई येईल. साधा हिशेब होता. दोन दिवसांनी आईही तयार झाली.

"मी जिती असताना विकून रायला," ती म्हणाली, "तर मले दाखवून वीक. मांगून कोनी काई सांगतलं असं नको."

ते घर माझ्या वडिलांनी बांधलं होतं. ते रेल्वेत गँगमन होते. रुळांवर आयुष्य काढलेल्या माणसाने निवृत्तीच्या पैशातून लेआऊटमध्ये एक प्लॉट घेतला आणि एकामागे एक अशा तीन खोल्या उभ्या केल्या. मागची टिनाची. पुढच्या खोलीचा गिलावा त्यांनी स्वतः केला होता, त्यामुळे ती भिंत कुठेच सरळ नाही. याच खोलीत मी अभ्यास केला आणि आमच्या सगळ्या गणगोतात पहिला पदवीधर झालो. मला पुस्तकं देणारे मास्तर भेटले, वसतिगृह मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली. मी हे विसरत नाही आणि विसरू नये असंच मला वाटतं.

पण त्याचा एक परिणाम असा झाला की माझा कागदावर फार विश्वास बसला. माझ्या आयुष्यात जे जे चांगलं झालं ते फॉर्म भरून झालं. मेरिट लिस्ट, निवड यादी, नेमणुकीचं पत्र. या कागदांनी मला कधी अंगणात उभं ठेवलं नाही. समोरासमोर माणसांत जे झालं ते इतकं चांगलं नव्हतं. म्हणून कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने जेव्हा सांगितलं की आता घरं इंटरनेटवर विकतात, मध्ये दलाल नाही, आपणच फोटो टाकायचे आणि घेणारा थेट आपल्याला फोन करतो, तेव्हा मला वाटलं, हे आपल्यासाठीच निघालंय.

आईला ते पटलं नाही. तिच्या मते घर विकायला माणूस लागतो. तिचा माणूस ठरलेलाही होता. बडनेऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर कुलपं दुरुस्त करून किल्ल्या बनवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. कुलपांच्या जोडीला ते घरांची दलाली करायचे. मला हाच मोठा संशय होता. ज्याच्याकडे अर्ध्या गावाच्या किल्ल्यांचे साचे, त्याच्याच हातात आपलं घर द्यायचं? शिवाय तो विकणाऱ्याकडून घेतो, घेणाऱ्याकडूनही घेतो. मग तो नेमका कोणाचा?

"दोघाईचा," आई म्हणाली. "नवरदेवाकडचा अन् नवरीकडचा बामन एकच असते ना?"

"माय, तिथं अक्षता टाकून मोकळं होता येतं. इथं रजिस्ट्री असते."

"मंग कर तुह्या त्या फोनवर. अन् चाचाले बी सांगतो मी. पाहू कोन पयले गिऱ्हाईक आनते."

असं आमचं दोन्हीकडून सुरू झालं.

ते दिवस विकण्याचेच होते. कापसाला भाव नव्हता, सोयाबीन ऐन काढणीला भिजून काळं पडलं होतं, आणि त्याचा फटका शेतात न जाणाऱ्यांनाही बसत होता. कृषी केंद्रं बंद पडली, शिलाईची दुकानं बंद पडली. आमच्या लेआऊटमध्ये चुन्याने 'विकणे आहे' लिहिलेली चार-पाच घरं एका रांगेत होती. त्यामुळे घर विकणाऱ्याकडे कोणी सरळ नजरेने बघत नसे. काय झालं असेल? कोण गेलं? घरात काही निघालं का? विहिरीत कोणी उडी तर नाही घेतली? आई म्हणे, "पायजो, आपल्या घरात भूत हाये असंबी सांगतीन." त्याच वेळी तालुक्याच्या गावांतून लोक शहराकडे येतही होते. पोरांना शाळेत, शिकवणीत घालायचं म्हणून. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे चैत्र-वैशाखात घरं पाहणाऱ्यांची वर्दळ असे. घेणारे होते. पण प्रत्येक घेणारा विकणाऱ्याला चोर समजून येई, आणि विकणारा घेणाऱ्याला.

वेबसाइटवर नाव नोंदवल्यावर तिथल्या एका तरुणाचा फोन आला. पुण्याकडची स्वच्छ भाषा.

"सर, फ्री प्लॅनमध्ये सहा फोटो येतात. घर मोकळं आणि ब्राइट दिसलं पाहिजे. सामान कमी ठेवा. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे माझं घर होऊ शकतं."

मी रविवारी बडनेऱ्याला गेलो. आई वंदनेसाठी विहारात गेली होती. मी बाहेरचा फोटो काढला, अंगणातल्या बोअरचा काढला, स्वयंपाकघराचा काढला. मग पुढची खोली. दारातून फोटो घेतला की समोरचीच भिंत येत होती. त्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, खाली फळीवर बुद्धमूर्ती, बाजूला वडिलांचा फोटो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे घर कोणाचं ते तिथे वाचता येतं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. 'सामान कमी ठेवा' एवढंच तो तरुण म्हणाला होता. मी स्टुलावर चढलो आणि तसबीर खाली घेतली. मग मूर्ती घेतली. वडिलांचा फोटो एकटाच विचित्र दिसू लागला म्हणून तोही उतरवला. सगळं खाटेवर ठेवून धूळ बसू नये म्हणून वर चादर टाकली, फोटो काढला, आणि आई यायच्या आत सगळं जागच्या जागी लावून ठेवलं. पाच-सात मिनिटांचं काम. मी स्वतःला समजावलं की हे फक्त जाहिरातीपुरतं आहे, मुलाखतीला जाताना आपण इस्त्रीचा शर्ट घालतो तसं. नावाच्या रकान्यात मी पहिलं नाव तेवढं भरलं. आडनावाचा रकाना सक्तीचा नव्हता.

फोन येऊ लागले. पहिल्या आठवड्यातले जवळजवळ सगळे दलालांचे.

"मालकच बोलता ना? आपल्याकडं तयार पार्टी हाये."

"वेबसाइटवर लिहिलंय, दलालांनी फोन करू नये."

"मी दलाल नाई साहेब. मी त्या पार्टीचा भाऊ हावो."

"मग भावाचं नाव काय?"

"ते… त्याईचं नाव काय बरं…" आणि फोन बंद.

एकाने तर मीच टाकलेले माझे फोटो मलाच पाठवून, 'असं घर बडनेऱ्यात आहे, घेता का?' म्हणून विचारलं. मध्ये दलाल नाही म्हणून ज्या दारातून आत आलो त्या दारात दलालांचीच रांग होती. फरक एवढाच की चाचांचं तोंड दिसत होतं, यांचं दिसत नव्हतं.

मग एक खरा फोन आला. पुण्यात नोकरी करणारा मुलगा, आईवडील तिवश्याजवळच्या खेड्यात. त्यांच्यासाठी घर हवं होतं. फोटो त्याला आवडले होते. बोअरला पाणी किती, स्टेशन किती लांब, सगळं विचारलं. किमतीवरही फारशी घासाघीस केली नाही. शेवटी म्हणाला, "सर, साइटवर तुमचं पूर्ण नाव नाही दिसत."

मी पूर्ण नाव सांगितलं.

"हां. बरं. बाबांशी बोलून कळवतो."

त्याने कळवलं नाही. मी दोनदा फोन केला, घेतला नाही. आता तो आडनावाने मागे फिरला, की त्याच्या वडिलांना दुसरं घर मिळालं, की त्यांचं पीकच आलं नाही, हे मला आजही माहीत नाही. आपल्या संशयाचा त्रास हाच आहे. तो खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. नुसता बरोबर राहतो.

चाचांचंही काही जमत नव्हतं. ते दर आठवड्याला कोणाला तरी घेऊन येत. लोक घर बघत, मान डोलवत, जात. परत कोणी येत नसे. आई फोनवर सांगे, "आज बी आले होते. बोअर आवडला म्हने." एप्रिल संपत आला होता. टपालवाले गृहस्थ रस्त्यात भेटले की मी दुसरीकडे बघू लागलो. माझ्या मनात पक्कं बसलं की चाचाच लोकांना बाहेर नेऊन काहीतरी सांगत असणार. घर पडून राहिलं की किंमत उतरते, आणि मग स्वस्तात स्वतःच्याच कोणाला तरी देता येतं. मी ठरवलं की एकदा समोर उभं राहून बघायचं.

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ अडकली, त्यामुळे घरी पोचलो तर पाहुणे आधीच आले होते. एक शेतकरी जोडपं आणि त्या माणसाची म्हातारी आई. चाचा दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्या माणसाने भिंतीवर थापा मारून पाहिल्या, वर टिनाकडे पाहिलं, बोअरचं बटण दाबून पाहिलं. घर त्याला आवडल्याचं मला स्पष्ट दिसत होतं. त्याची बायको तर चूल कुठे, देव्हारा कुठे, इथपर्यंत पोचली होती.

"भाभी, पानी पिलाव सबले," चाचा म्हणाले.

आई गडवा आणि गिलास घेऊन आली. चाचांनी दोन गिलास घटाघटा प्यायले. शेतकरी म्हणाला, "आत्ताच रसवंतीवर बसलो होतो, नको." बायकोने नवऱ्याकडे बघून मान हलवली. म्हातारी म्हणाली, "मले उपास हाये माय."

थोड्या वेळाने "कळवतो" म्हणून ते गेले. चाचांनी त्यांना फाटकापर्यंतही सोडलं नाही. खुर्चीतच बसून म्हणाले, "हे नाई घेत."

मी इतके दिवस धरून ठेवलेलं बाहेर पडलं. "तुम्हाला कसं कळलं? तुम्हीच काही सांगितलं असेल आधी. प्रत्येक वेळी असंच होतं. तुम्ही आणता आणि ते परत येत नाहीत."

आईने "अरे" म्हटलं, पण चाचांना राग आला नाही.

"उपासाले पानी चालते मास्तर," ते म्हणाले. "पान्याचाच तर उपास असते."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"चाळीस साल हेच पाहून रायलो. मी हर घरात पानी मांगतो. तुमच्याच घरी नाई, माह्यासारख्याच्या घरी बी मांगतो. तिथं बी कितीक जनाईले उपास निंगते. जो पानी पेत नाई, तो घर घेत नाई. किंमत करीन, नकाशा मांगीन, दोन चकरा मारीन, पन घेत नाई. मंग मी त्याच्या मांगं टाइम घालवत नाई."

"मग आधीच सांगत का नाही त्यांना, घर कोणाचं ते? म्हणजे येणारच नाहीत ते."

"आधी सांगतलं तर तुमी म्हनसान, चाचानं गिऱ्हाईक तोडलं." ते हसले. "अन् सांगाले मी कोन? येऊन पाहावं. भीत समोर हाये, तसबिरीसकट."

मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी म्हणालो, "बाकीचे दलाल तर म्हणतात, सौदा होईपर्यंत समोरचं जरा झाकून ठेवा."

"म्हनतात. मंग इसारपावती झाल्यावर त्याईले समजते. इसार मोडते, वरतून तुमी फसवलं म्हनून गावात सांगतात. घरातलं काईच हलवू नका, भाभी." हे ते आईला म्हणाले, माझ्याकडे न बघता. पण मला वाटलं, माझ्याकडे बघूनच म्हणाले.

ते गेल्यावर मी आईला जरा हुरूप यावा म्हणून फोन काढला. वेबसाइटवर आपलं घर किती लोक बघतात ते दाखवायला. "हे बघ माय, अडीचशेच्या वर लोकांनी पाहिलं. दुबईहून सुद्धा एकाने पाहिलं."

तिने चष्मा लावला. बोटाने फोटो सरकवायचे कसे ते मीच शिकवलं. फाटक पाहिलं, बोअर पाहिला, स्वयंपाकघरातला आपलाच तवा पाहून हसली. पुढचा फोटो आला आणि तिचं बोट थांबलं.

"हे कोनाच्या घरची भीत होय?"

भिंत आमचीच होती. वडिलांच्या हातचा उंचसखल गिलावा फोटोतही ओळखू येत होता. त्यावर दोन खिळे, रिकामी फळी, आणि जिथे ऊन-धूर लागला नव्हता तिथे चुन्याचे उजळ चौकोन.

"कवा काढलं?"

"तू विहारात गेली होती तेव्हा."

"कुठी ठेवलं होतं?"

"खाटेवर. चादर टाकून."

तिने फोन माझ्या हातात दिला. ती उठून आत गेली, धुतलेलेच गिलास पुन्हा धुतले. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी अकोल्याले नाई येत."

"माय, जाहिरातीपुरतं होतं ते. त्या पोरानं सांगितलं होतं, सामान कमी ठेवा—"

"त्यानं सामान सांगतलं होतं. हे सामान होय काय?"

"पण तुला इथं एकटं कसं ठेवू मी?"

"तिथं तरी लावशीन काय रे बाबू? का पलंगावरच ठेवशीन?" आणि मग जे तिने कधीच काढलं नव्हतं ते काढलं. "तुह्या खोलीवर आली होती मी दिवाळीत. तसबीर आतल्या खोलीत हाये, कपड्याच्या दांडीमांगं. मी इचारलं नाई. मले वाटलं, घरमालक कटकट्या असन. घरमालकाचं काई नव्हतं."

मी त्याच संध्याकाळी परत आलो. मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. पुढच्या रविवारी, आईसमोर, तिला विचारून, पुढच्या खोलीचा फोटो पुन्हा काढला. भिंतीसकट. तो साइटवर चढवला आणि रकान्यात आडनाव भरलं. दोन दिवसांनी वेबसाइटवाल्या त्या तरुणाचा फोन आला.

"सर, आधीचा फोटो छान होता. आता जरा रिलिजिअस वाटतंय. रिस्पॉन्स कमी होतो अशाने. देवादिकांचे फोटो आम्ही सगळ्यांनाच टाळायला सांगतो."

"सगळ्यांना?"

"हो सर. म्हणजे, शक्यतो."

मी त्याला म्हटलं, राहू द्या. रिस्पॉन्स खरोखरच कमी झाला. आठवडाभर एक फोन नाही. आई फोनवर मोजकं बोलत होती. पडली नाही ना, एवढंच मी विचारी आणि नाही, एवढंच ती सांगे. मे लागला.

मग एका दुपारी एका बाईंचा फोन आला. त्या तिवश्याकडे सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा मूर्तिजापूरला नोकरीला. बडनेरा घेतलं तर तो रेल्वेने एकीकडे जाईल, त्या बसने दुसरीकडे. त्यांनी फोटोंबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "बोअरचं पाणी गोड आहे की खारं?"

मला पहिला संशय आला की ही कोणत्या तरी दलालाने बसवलेली बाई. दुसरा संशय असा की फोटो नीट न बघताच फोन केला असेल. आणि तिसरी गोष्ट मी आता लिहितो, कारण लपवण्यात अर्थ नाही: मला त्यांचं आडनाव विचारावंसं वाटलं. घर विकायला नव्हे. त्या कोणाच्या, ते कळावं म्हणून. मी विचारलं नाही, पण प्रश्न जिभेवर आला होता.

त्या आल्या तेव्हा मी बडनेऱ्यात होतो, चाचाही होते. गिऱ्हाईक वेबसाइटवरून आलं तरी आईने त्यांना बोलावलं होतं. बाईंनी चपला काढल्या, पुढच्या खोलीत येऊन भिंतीकडे एकदा पाहिलं, नमस्कारासाठी हात थोडे वर गेले की पदर सारखा केला, ते मला कळलं नाही. मग पर्समधून त्यांनी मूठभर तुरीची डाळ बांधलेली पुडी काढली.

"काकू, तुमच्या पाण्यात ही शिजवू का? माझं सासर खारपाणपट्ट्यातलं. तिथं डाळ शिजत नाही, सोडा टाकावा लागतो. लग्न झाल्यापासून सोड्याचं वरण खाऊन रायले. घर घेईन तर डाळ शिजते तिथंच घेईन."

आईने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माह्या कुकरवर भरोसा नाई तुहा?"

"कुकरात सगळंच शिजते काकू. उघड्या पातेल्यात टाकू."

आई हसली. कितीतरी दिवसांनी. दोघी आत गेल्या आणि पातेलं चढलं. आम्ही बाहेर बसलो. डाळ शिजायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात दोन बायका एकमेकींचं सगळं काढून घेतात. नोकरी, बदली, सासू, गुडघे, न्हाणीतली ती सकाळ. माझ्या कानावर पडलं, आई सांगत होती, "फरशी गुळगुळीत हाये व, मी पडली तिथं. बदलून घेजो." मी कपाळाला हात लावला. घर विकणारा असं सांगतो का?

"बोलू द्या," चाचा पुटपुटले. "तुमच्या सहा फोटोत ते नव्हतं."

डाळ मऊ शिजली. बाईंनी बोटाने दाबून पाहिली, मीठ घालून वाटीभर खाल्ली, आईलाही दिली. बाहेर येऊन म्हणाल्या, "मला घ्यायचंय. इसार केव्हा करू?"

आई म्हणाली, "दोन दिवस थांब. मले एकदा अकोल्याले जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी तिला अकोल्याला आणलं. गाडीत ती खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूर गेल्यावर तिने विचारलं, "त्या टपालवाल्याले तू आपलं काय सांगतलं?"

"प्राध्यापक आहे म्हणून सांगितलं."

"अजून?"

"अजून काही विचारलं नाही त्यांनी."

"मंग आज मी सांगतो. तो नाई म्हनला तर बडनेऱ्याचं घर माह्यं माह्यापाशी. त्या बाईले मी हात जोडून नाई म्हनीन."

स्टेशनवरून आम्ही खोलीवर न जाता थेट तिकडेच गेलो. टपालवाले गृहस्थ बनियनवरच कुंड्यांना पाणी घालत होते. घाईने शर्ट घालून आले. आईने बसायच्या आधीच, हात जोडून, आमचं आडनाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं, आणि म्हणाली, "माह्या पोरानं सांगतलं नसन म्हनून सांगून रायली. मांगून तुमाले वाटाले नको."

गृहस्थांनी शर्टाचं उरलेलं बटण लावलं.

"बाई, तुमच्या पोराच्या कॉलेजची डाक सात वर्षं माह्या हातून गेली," ते म्हणाले. "मले तर सर घर पाहाले आले त्या दिवशीच माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाई?"

"सर बोलले नाईत. मले वाटलं, सरले आवडत नसन." मग जरा थांबून, अवघडून म्हणाले, "मंडळींनं इचारलं होतं मले. मी म्हनलं, घर विकून रायलो, पोरगी थोडीच देऊन रायलो?"

हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना. मी आईकडे पाहिलं.

"पोरगी मांगतली कोनं?" आई म्हणाली. आतून त्यांच्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मग तेही हसले, आणि आई मात्र हसली नाही. ती घरात शिरली. खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, न्हाणीत उभी राहून पायाने फरशी घासून पाहिली. शेजारी कोण राहतं ते विचारलं. पुढच्या खोलीची भिंत सरळ होती. तिच्यापुढे ती जरा जास्त वेळ उभी राहिली.

आम्ही फाटकाबाहेर आलो. रस्त्यावर उन्हाचा ताव होता. ती माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

"चाचाले माहीत होतं," ती म्हणाली. "याले माहीत होतं. त्या नर्सबाईनं फोटोत पाह्यलं अन् मंगच फोन केला, डाळ शिजताना सांगतलं तिनं मले. तू झाकून कोनापासून ठेवत होता रे?"

पुण्याचा तो मुलगा, उपास असलेली म्हातारी, असे कितीतरी मी सांगू शकलो असतो. ते खोटंही नव्हतं. पण तिने विचारलं होतं ते त्यांच्याबद्दल नव्हतं.

"जा," ती म्हणाली. "सांग त्याले, घेतो म्हनून. अन् तुह्या त्या बाईले बी फोन कर. पावसाच्या आत येतो मी."

मी मागे वळलो. गृहस्थ फाटकाच्या आतल्या बाजूला कुंडीपाशीच उभे होते, हातात रिकामा मग घेऊन. आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. मी त्यांना माझं पूर्ण नाव सांगितलं, जसं कोणी पहिल्यांदा भेटल्यावर सांगतो तसं, आणि म्हटलं, आम्ही घेतो.